तांडेलकाकांची ट्रायल

एका रविवारी सकाळी मिलिंद म्हणाला, पोहे खारट झालेत. मिलिंद म्हणजे माझा नवरा. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणूस अशी वाक्यं विचार न करता बोलून जातो आणि मग दिवसभर निस्तरत बसतो. मी माझ्या ताटलीतले पोहे खाऊन बघितले, व्यवस्थित होते. त्याच्या ताटलीतले खाल्ले तर तोंडात धरवेनात. तेवढ्यात वरून त्याच ताटलीत टपकन एक थेंब पडला.

बदलापुरात छत गळणं ही काही बातमी नव्हे. कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तर ज्याचं छत गळत नाही त्याच्याकडे लोक जरा संशयाने बघायचे. पण गळणारं पाणी खारट, हे नवीन होतं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर नुकतेच राहायला आलो होतो, वरच्या मजल्यावरचं कुणी ओळखीचं नव्हतं. ओळख भांडणानेच होणार असेल तर होऊ दे, असं म्हणून मी तावातावाने जिना चढले.

वरचं दार सताड उघडं होतं आणि हॉलभर पाणी. दिवाणावर पाय वर घेऊन एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या, इतक्या शांतपणे की हे पाणी रोज ह्याच वेळेला येत असावं. टेबलाखाली पालथा पडलेला एक माणूस होता. त्याची खाकी हाफपँट आणि दोन वाळकुंडे पाय तेवढे बाहेर दिसत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून आवाज आला, "आलात? हा पाइप धरा. सोडू नका."

मी धरला. मी कोण, कशासाठी आले, हे त्या माणसाने विचारलंच नाही. अर्ध्या तासाने मी भिजलेल्या सलवारीने खाली आले, तेव्हा मिलिंदने विचारलं, झालं का भांडण? मी म्हटलं, भांडण राहून गेलं, पण पाण्याचा पंप बंद पडला की वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून उलटं खाली का येतं, हे मला आता नीट कळलंय. तांडेलकाकांची आणि माझी ओळख ही अशी झाली.

काकांचं गाव कोकणात, अगदी किनाऱ्यावर. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला लागले आणि मेंटेनन्समधूनच रिटायर झाले. मधल्या सगळ्या वर्षांबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे गेलं की आपल्या हातात काहीतरी धरायला दिलेलं असे आणि सगळं लक्ष तिकडेच जाई. एकदाच म्हणाले होते, "माणसाने समुद्रापासून इतकं लांब राहू नये. पण नोकरी इथे लागली, घर इथे झालं. आता आपण हलायचं नाही. त्यालाच इथे आणायचा."

समुद्र आणायचा म्हणजे मासे पाळायची काचेची पेटी आणायची, इतकं सोपं ते नव्हतं. गोड्या पाण्यातले मासे कुणीही पाळतं. खाऱ्या पाण्यातले मासे, जिवंत प्रवाळ, खडक असा समुद्राचा एक तुकडा घरात जगवायचा, तर पाणी सतत फिरतं लागतं, स्वच्छ लागतं, थंड लागतं, आणि त्या प्रत्येक गोष्टीसाठी एकेक यंत्र लागतं. ती यंत्रं बाजारात मिळतात. पण बाजारात मिळणाऱ्या गोष्टींबद्दल काकांना मुळातच आदर नव्हता. दुकानातली वस्तू ते हातात घेत, उलटीपालटी करून बघत, आणि "ह्यात काय आहे?" म्हणून परत ठेवत. दुकानदाराला वाटे गिऱ्हाईक गेलं. प्रत्यक्षात त्याचं डिझाइन गेलेलं असे.

कारखान्यातून काकांनी एक शब्द घरी आणला होता, ट्रायल. नवीन काही जोडलं की ते म्हणत, ट्रायल घेऊ. फसलं की म्हणत, ट्रायल झाली. ‘फसलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. पाइप फुटून दिवाण भिजला, ट्रायल झाली. पंपाचा शॉक बसून स्वतः भिंतीवर आदळले, ट्रायल झाली. काकूंच्या माहेरचं एक लग्न जमता जमता मोडलं, तेव्हाही काका सांत्वनाला जाऊन हेच म्हणाले होते आणि काकूंनी त्यांना तिथून लवकर उठवलं होतं.

आम्ही राहायला येण्याआधी त्या घरात दोन समुद्र येऊन गेले होते. पहिल्या वेळी काकांनी बाजारातून खडे मिठाची गोणी आणली. त्यांचं म्हणणं असं की मीठ समुद्रातूनच निघतं, मग त्यात परत पाणी घातलं की समुद्र व्हायलाच पाहिजे. ह्या हिशेबात कुठे चूक आहे ते मला अजूनही सांगता येत नाही, पण माशांना ती लगेच कळली. दुसऱ्या वेळी त्यांनी गावाहून कॅन भरभरून खरा समुद्रच आणला. तो बदलापूरच्या मे महिन्यात असा काही तापला आणि नासला की बिल्डिंगमधले लोक ड्रेनेज फुटलं म्हणून नगरपालिकेत तक्रार करून आले. मासे तर गेलेच.

त्या दुसऱ्या वेळी काका दोन दिवस जेवले नाहीत, असं काकूंनी मला सांगितलं. ट्रायल झाली असंसुद्धा म्हणाले नाहीत. काकूंनी मासे कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले आणि निकाल दिला. आता फक्त एकदा. ही पुढची जोडी मेली, तर टाकी भंगारात आणि घरात पुन्हा समुद्राचं नाव नाही. "मला टाकीची अडचण नाही गं," त्या मला म्हणाल्या, "पण ह्यांचं ते तोंड मी तिसऱ्यांदा बघणार नाही."

काकूंचं माहेर माण तालुक्यातलं, दुष्काळी. लहानपणी हंडाभर पाण्यासाठी त्या कोसभर चालल्या होत्या. मासा हा प्राणी त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा जवळून बघितला, आणि नंतर बांगडा असा तळायला शिकल्या की वास आमच्या मजल्यावर आला की आम्ही आमची भाजी गपचूप झाकून ठेवायचो. त्यावरही काकांची एक पद्धत होती. ओट्यावर मासे तळायचे असतील तर हॉलमधल्या टाकीवर आधी जुनी चादर टाकायची. मिलिंदने एकदा विचारलं, काका, माशांना काय कळतंय? काका म्हणाले, "त्यांना नाही कळत. मला कळतं ना." मग निवांत बसून बांगडा खाल्ला.

तर ती तिसरी जोडी. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे, लांबी करंगळीएवढी. त्यातली मोठी होती ती मादी आणि छोटा तो नर, आणि मोठी छोट्याला दिवसभर टाकीभर पिटाळत असे. काका आल्यागेल्याला मुद्दाम सांगत, "ह्या जातीत बायकोचं चालतं." काकू स्वयंपाकघरातून म्हणत, "ह्या जातीत म्हणजे कुठल्या?"

ह्या जोडीसाठी काकांनी कंबर कसली. मीठ तेवढं समुद्री माशांसाठी मिळतं ते विकत आणलं, आणि त्या अपमानाची भरपाई म्हणून बाकी सगळं घरी करायचं ठरवलं. ह्या कामी त्यांचे गुरू, मित्र आणि बळी म्हणजे उल्हासनगरचे गोपभाई. गोपभाईंचं दुकान अ‍ॅक्रिलिकचं. नावाच्या पाट्या आणि शाळा-कॉलेजातल्या ट्रॉफ्या ते बनवत. काका आठवड्यातून एकदा तरी एक चित्र घेऊन तिकडे जात. गोपभाई ते बघून म्हणत, "साईं, पिछली बार बोला गोल काटो, इस बार बोलते हो गोल में गोल काटो. नक्की काय बनतंय?" काका म्हणत, फेसाचं यंत्र.

हे फेसाचं यंत्र म्हणजे एक उभं नळकांडं. खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडायचे, पाण्यातली घाण त्या बुडबुड्यांना चिकटून फेस होऊन वर चढते आणि वरच्या वाटीत साठते. भाताची पेज उतू जाते तसंच. गोपभाईंनी त्यासाठी एका बिघडलेल्या ट्रॉफीचं अ‍ॅक्रिलिक दिलं. त्यामुळे काकांच्या यंत्राच्या वाटीवर ठळक अक्षरात कोरलेलं होतं, ‘वक्तृत्व स्पर्धा, उत्तेजनार्थ’. यंत्र सुरू झालं की अखंड गुळगुळ आवाज करत राही आणि संध्याकाळपर्यंत वाटीत काळपट, घाणेरड्या वासाचं पाणी जमे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटकर एकदा ते बघून म्हणाले, मीटिंगमध्ये बसवायला पाहिजे हे. बाकीचे सभासद पाटकरांकडेच बघत होते.

मग आले खडक. समुद्रातला एकही दगड उचलायचा नाही हा काकांचा नियम होता. "तो तिकडचा आहे, त्याला तिकडेच राहू दे," म्हणत. म्हणून त्यांनी पांढरं सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा कालवला, आणि त्यात घातलं पहिल्या समुद्राचं उरलेलं खडे मीठ. सिमेंट घट्ट झालं की मीठ पाण्यात विरघळतं आणि दगडाला भोकं राहतात, तीच माशांची घरं. दगड सुरेख झाले. अडचण एवढीच की सिमेंटची क्षारता निघून जाईपर्यंत ते दगड कित्येक आठवडे रोज बदलत्या पाण्यात ठेवावे लागतात. आता आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. बादल्याच्या बादल्या दगडांवर ओतायच्या म्हटल्यावर माणच्या काकूंनी मोरीच्या दारात उभं राहून विचारलं, "दगड धुता?"

काका दोन दिवस विचारात होते. मग एका संध्याकाळी त्यांनी पिशवीत दगड भरले आणि तळमजल्यापासून घरोघर बेल वाजवत निघाले.

त्यांची कल्पना अशी होती. प्रत्येकाच्या संडासात फ्लशची टाकी आहे. ती दिवसातून अनेकदा रिकामी होते आणि ताज्या पाण्याने भरते, ते पाणी तसंही जाणारच असतं. तर प्रत्येकाने आपल्या फ्लशच्या टाकीत एक दगड ठेवून घ्यावा. शिवाय दगड जागा अडवतो, त्यामुळे दर वेळी तांब्याभर पाणी वाचतं. ह्या शेवटच्या मुद्द्यावर पाटकर इतके खूश झाले की त्यांनी ‘सोसायटीची पाणी बचत मोहीम’ म्हणून नोटीस बोर्डावर लिहिलं आणि स्वतःकडे सगळ्यात मोठा दगड घेतला.

त्यानंतरचे काही आठवडे बिल्डिंगमध्ये वावरणं कठीण झालं. काका जिन्यात दिसले की प्रकृतीची चौकशी करायचे, पण ती नेहमीची चौकशी नव्हती. मिलिंदला एकदा त्यांनी फार आशेने विचारलं, "पोट कसंय? जुलाब वगैरे काही?" मिलिंद म्हणाला, नाही हो, ठणठणीत. काकांचा चेहरा पडला. आमच्याकडे माझ्या नणंदेचं कुटुंब मुलांसकट राहायला आलं, तेव्हा काका स्वतः खाली येऊन त्यांना आणखी चार दिवस राहायचा आग्रह करून गेले. नणंद अजून म्हणते, तुमच्या बिल्डिंगमधली माणसं किती प्रेमळ. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ एकटे राहायचे आणि बद्धकोष्ठाने हैराण होते. त्यांचा दगड काकांनी परत काढून घेतला. "तिथे त्याची प्रगती होत नाही," एवढंच म्हणाले.

दगड तयार झाल्यावर ते टाकीत रचले गेले आणि एका ओळखीच्या हौशी माणसाने दिलेलं मऊ प्रवाळ त्यावर चिकटलं, वाढलं, दिव्याखाली हलायला लागलं. खरंच सुंदर दिसायचं. कुणी बघायला आलं की काका बोट दाखवून सांगत, हा पाटकरांचा, हा तळमजल्यावरच्या वैद्यांचा, हा खालच्या मिलिंदचा. पाहुण्याला वाटे ह्या लोकांनी देणगी दिली आहे. एक प्रकारे दिलीच होती. ती केशरी जोडी रात्री झोपायला आमच्या दगडातल्या भोकात जाते हे कळल्यावर मिलिंदने ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

प्रवाळाला वाढायला चुना लागतो. बाजारात त्याची औषधं आणि ती थेंबाथेंबाने सोडणारी यंत्रं मिळतात. काकांनी पानवाल्याकडून चुना आणला, लहान मुलांना पाजतात तशी चुन्याची निवळी केली, आणि ती सोडायला मेडिकलमधून सलाइनचा सेट आणला. पडद्याच्या दांडीला उलटी बाटली, तिला नळी, नळीला ते चाक. निवळी थेंब थेंब टाकीत.

पहिल्या मजल्यावर नवं भाडेकरू जोडपं आलं. त्यांनी खालून आमच्या खिडकीच्या वर टांगलेली सलाइनची बाटली बघितली आणि भली माणसं ती, शहाळं आणि मोसंबी घेऊन भेटायला गेली. मी त्या वेळी वरच होते म्हणून हे मला सांगता येतंय. नेमका तो रविवार. काकू आत बांगडे तळत होत्या, त्यामुळे टाकीवर चादर. दोघं दारातून आले तर त्यांना काय दिसलं? कोपऱ्यात आडवं काहीतरी चादरीने पूर्ण झाकलेलं, वरून सलाइनची नळी आत गेलेली आणि चादरीखालून गुळगुळ आवाज. ती बाई चादरीला हात जोडून उभी राहिली. नवरा हळू आवाजात म्हणाला, "कधीपासून?"

काकांना वाटलं, लोक टाकी बघायला आलेत. तेही मग हळू आवाजात म्हणाले, "तसं तिसरं वर्ष. मध्ये फार वाईट दिवस काढले. आता उन्हाळा निघाला की जिंकलं."

"जेवण जातं?"

"सकाळीच थोडं खाल्लंय. आता शांत आहेत दोघं."

ती बाई दचकून मागे सरकली. "दोघं?"

मी तोंडावर ओढणी दाबून स्वयंपाकघरात पळाले. काकूंनी बांगडा उलटता उलटता बाहेर बघितलं, सगळं ओळखलं आणि गॅस बंद करून चादर काढली. त्यानंतर तो नवरा इतका हसला की त्याला खाली बसवून त्याचंच शहाळं त्याला पाजावं लागलं. पाटकरांना मात्र हे सगळं थट्टेवारी न्यावं असं वाटत नव्हतं. त्यांना ज्योतिष्याने पोवळं वापरायला सांगितलं होतं, आणि वर जर पोवळ्याचं झाड आहे तर त्यातलं एक नखभर आपल्याला का मिळू नये, असं त्यांचं म्हणणं. काका म्हणाले, "पाटकर, ते जिवंत आहे. अंगठीत घातलंत तर आधी तुमचं बोट खाईल." पाटकरांनी पुढे कधी विषय काढला नाही, पण टाकीजवळ उभे राहिले की हात मागे बांधायचे.

उन्हाळा निघाला की जिंकलं, हे काका म्हणाले होते ते खरं होतं. पहिले दोन्ही समुद्र मे महिन्यातच गेले होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात एका दुपारी असा वारा सुटला की रस्त्यावरचं गुलमोहराचं झाड तारांवर आडवं झालं. वीज गेली. काका त्याच वेळी गोपभाईंकडे, उल्हासनगरात. ह्या प्रसंगासाठी त्यांनी भंगारातून जुळवलेला इन्व्हर्टर तयार ठेवला होता. तो काकूंनी लावला, त्यातून एक निळी ठिणगी आली आणि त्याची ट्रायल झाली. पंप बंद, पंखे बंद, गुळगुळ बंद. आमच्या डोक्यावरचा तो आवाज थांबला तशी मी वर धावले.

काकू स्टुलावर उभ्या होत्या. हातात दुधाचं पातेलं. टाकीतलं पाणी पातेल्यात भरायचं आणि उंचावरून धार धरून परत टाकीत सोडायचं, चहा गार करतात तसं. पाण्यात हवा गेली पाहिजे, एवढं त्या इतक्या वर्षांत बघून बघून शिकल्या होत्या. दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. काकूंच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. मी दुसरं पातेलं घेतलं. मग मिलिंद आला, पहिल्या मजल्यावरचं जोडपं आलं, वैद्य आले. कुणी फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या आणून पाण्यात तरंगत सोडल्या. पाटकर आले ते आपला दगड बरा आहे ना बघायला, पण त्यांच्याही हातात काकूंनी तांब्या दिला.

मिलिंदला अशा वेळीही गप्प बसवत नाही. तो म्हणाला, "काकू, आज तुम्ही नुसत्या बसून राहिला असतात तरी हॉल मोकळा झाला असता."

काकू धार न मोडता म्हणाल्या, "आणि त्या मोकळ्या हॉलमध्ये ह्यांना कुठे बसवू?"

दिवेलागणीच्या सुमाराला काका आले, बगलेत अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. हॉलमध्ये मेणबत्त्या, दारात चपलांचा ढीग. त्यांना काय वाटलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ते दारातच थांबले. मग त्यांना दिसलं की पाटकर स्टुलावर उभे राहून तांब्याने पाणी सोडतायत आणि खाली केशरी काहीतरी हलतंय. ते म्हणाले, "पाटकर, इतक्या उंचावरून नको. मीठ उडतंय." आणि तडक मोरीत जाऊन तोंड धुवत बसले. ते फार वेळ तोंड धूत होते. वीज आल्यावर आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि फेसाच्या यंत्राने भाषण पुन्हा सुरू केलं.

उन्हाळा निघाला. काका जिंकले असं आम्ही धरून चाललो होतो, तेवढ्यात बिल्डिंगच पाडायची ठरली. रीडेव्हलपमेंट. जो तो भाड्याचं घर शोधायला लागला. आम्हाला अंबरनाथ पश्चिमेला मिळालं, काकांना चिखलोलीला एका नव्या इमारतीत, पुन्हा तिसऱ्याच मजल्यावर. सगळ्यांनी काकांना समजावलं की समुद्र काही हलवता येत नाही, मासे एखाद्या दुकानात देऊन टाका. गोपभाईसुद्धा म्हणाले, "साईं, सिंध से हमारे बाप-दादा आए, वो भी सब सामान नहीं लाए." काकांनी ऐकून घेतलं. काकूंचा निकाल अजून उठलेला नव्हता. ही जोडी वाटेत गेली तर टाकी तिकडे लागणारच नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. कात्रप सोडायच्या आधीच्या दिवसांत काकू नुसत्या घरातून फिरायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मासे नव्या पाण्यात घाबरतात म्हणे. एकदम टाकले तर मरतात."

काकांनी कारखान्याचं शटडाउन आखावं तसं सगळं आखलं. आधीच्या खेपेला टाकी, ओल्या गोणपाटात बांधलेले सगळ्यांचे दगड आणि पाण्याचे निळे ड्रम गेले. तिकडे नवं पाणी तयार झालं. शेवटच्या खेपेला उरले फक्त दोन मासे, झाकणाच्या बादलीत. आणि काकांनी एक गोष्ट अशी केली की जी त्यांनाच सुचावी. नव्या घरचं पाणी त्यांनी बाटलीत भरून इकडे आणलं होतं. बाटलीला सलाइनचा सेट लावला. प्रवासभर ते पाणी थेंब थेंब बादलीत पडत राहील, म्हणजे पोचेपर्यंत माशांना नव्या घराची सवय झालेली असेल.

छोटा टेम्पो होता, मागून उघडा. काका मध्ये बसले, बादली गुडघ्यांत आवळलेली, बोटं नळीच्या चाकावर. बाटली उंच धरायला कुणीतरी हवं होतं. मिलिंद पुढे होणार तेवढ्यात काकू पदर खोचून टेम्पोत चढल्या, काकांच्या शेजारी गाठोड्यावर बसल्या आणि त्यांनी बाटली घेऊन हात वर केला. आम्ही मागे स्कूटरवर निघालो, माझ्या मांडीवर फेसाचं यंत्र, ‘वक्तृत्व स्पर्धा’ रस्त्याकडे तोंड करून.

चौकात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी. रिक्षा, डंपर, स्कूल बस, कुणी कुणाला जागा देत नव्हतं. मग एका रिक्षावाल्याची नजर टेम्पोकडे गेली. वाकून बसलेला म्हातारा, शेजारी हात उंच केलेली बाई, हातात सलाइनची बाटली. त्याने हॉर्न बंद केला, रिक्षा मागे घेतली आणि बाहेर उतरून बाकीच्यांवर ओरडायला लागला, "ए, साइड दे, साइड दे, पेशंट आहे." डंपर मागे सरकला. स्कूल बस सरकली. चौकातून एक वाट तयार झाली. टेम्पो त्याच्याजवळून जाताना रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, "काकू, सिरियस आहे का हो?"

काकूंनी हात तसूभर खाली येऊ दिला नाही. "दोघं आहेत," त्या म्हणाल्या. "जाऊ दे बाबा लवकर."

नव्या घरात हॉलमध्ये फक्त टाकी लागली होती, बाकी सगळं खोक्यांत. काकांनी बादली पाण्यात तिरकी केली. मोठी आधी बाहेर आली, मग छोटा. दोघं काचेला लागून थोडा वेळ नुसती थरथरत राहिली आणि मग खाली गेली, दिसेनाशी झाली. काका गुडघ्यांवर बसून नाक काचेला लावून बघत होते. काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या. बाटली कधीच रिकामी झाली होती, तरी हात वरच होता.

"काय हो," त्यांनी विचारलं. "ट्रायल झाली?"

मोठी आमच्या दगडातल्या भोकातून बाहेर डोकावली. तिने एकदा नव्या हॉलकडे बघितलं आणि छोट्याला पिटाळायला सुरुवात केली. काका उठले. त्यांनी काकूंच्या हातातून बाटली सोडवून घेतली, आखडलेला हात स्वतःच्या दोन्ही हातांनी हळूहळू खाली आणला आणि चोळायला लागले. आम्ही उभे आहोत ह्याचंही त्यांना भान नव्हतं.

"नाही गो," काका म्हणाले. "राहायला आली ती."